दौंडला पुढं गेलेलं लुगडं

आमची चंद्री म्हैस आईशिवाय कुणाला धारेला बसू द्यायची नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, एकदा बसले तर तिनं त्यांना चरवीसकट गव्हाणीत पाठवलं होतं. पहाटे पितळी चरवीत पडणारी पहिली धार आधी टणटण वाजायची, मग चरवी भरत गेली की आवाज जाड व्हायचा, आणि त्या आवाजावरून मला अंथरुणातच कळायचं की आज चहाला दूध किती येणार. तो आवाज म्हणजे आई. आई पोटुशी असताना, तापात असताना, तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात, एकदाही तो आवाज चुकला नाही. भावाच्या लग्नाला ती सकाळची धार काढून गेली आणि अक्षता पडल्या पडल्या संध्याकाळच्या धारेला परत आली. माहेर आमच्या केंदूरशेजारी, पाबळला होतं म्हणून ते जमलं. लांबचं असतं तर लग्न बघायचं राहिलं असतं, धार राहिली नसती.

हे सांगायचं कारण असं, की मी ग्रॅज्युएट झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी या पुस्तकात चौथ्यांदा लिहितेय आणि जागा मिळाली तर पाचव्यांदाही लिहीन. मी दहावीला असताना तात्या भर पारावर बोलून गेले होते, "पोरगी ग्रॅज्युएट झाली की म्हनंल तिथं नेईन, सगळ्या घराला नेईन." त्यांना वाटलं असणार पोरगी आळंदी म्हणेल, फार तर महाबळेश्वर. मी मात्र कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडं हैदराबादकडच्या एका बागेचे फोटो बघितले होते. आकाशात उलटे होणारे पाळणे, पाण्यात घसरणाऱ्या होड्या, डोंगरातून कोकलत जाणारी छोटी आगगाडी. निकालाचा कागद तात्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "पाळण्यांची बाग." तात्यांनी कागद उलटसुलट बघितला, जणू मागच्या बाजूला सुटका लिहिलेली असावी, आणि म्हणाले, "बोललो ना. बोललो म्हंजी बोललो."

तात्यांचा बेत पुण्याहून गाडी धरायचा नव्हता. "पुण्यात नुसती ढकलाढकली. दौंडाला गाडी कशी ऐसपैस थांबती," असं त्यांचं मत. ते दौंडला आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा बैल बघायला. रिझर्वेशन करायला मात्र मी गेले. खिडकीपुढच्या रांगेत उभं राहून मोठ्या इंग्रजी अक्षरांत फॉर्म भरला तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "ताई, माझा पन भरा की," आणि मी ओळीनं पाच जणांचे भरले. डिग्रीचा इतका रोख उपयोग पुढं पुन्हा कधी झाला नाही. अडलं ते आईच्या वयाच्या रकान्यात. आदल्या रात्रीच तिला विचारून ठेवलं होतं, तर म्हणाली, "दुष्काळात मी रांगत हुते." कोणत्या दुष्काळात, ते तिलाही माहीत नव्हतं. मी बेचाळीस लिहिलं. ती आजतागायत तेच वय धरून पुढं मोजते.

तिकिटं तिघांची होती. तात्या, आई आणि मी. आत्या घरी राहणार होती. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, नवऱ्यामागं माहेरी आलेली, चौथी शिकलेली आणि त्या चौथीवर अख्ख्या आळीचं पंचांग सांभाळणारी. खुंटीला सुतळीनं टांगलेलं पंचांग तिच्याशिवाय कुणी उतरवायचं नाही. कुणाच्या शेळीला व्यायची वेळ आली तरी आत्याकडं विचारणा यायची. मी बी. एस्सी. म्हणून तिच्या पंचांगाची रोज चेष्टा करायची, आणि ती "व्हय बाई, शिकल्याली तू," एवढंच म्हणून तंबाखूची चिमूट दाढेखाली सारायची. चंद्रीला ती सांभाळणार होती, आईचं हिरवं, शेणाचे डाग पडलेलं लुगडं नेसून. चंद्रीला माणूस ओळखू येत नव्हता, लुगडं ओळखू यायचं, असा आत्याचा सिद्धांत. मी म्हटलं, "आत्या, हा प्रयोग झाला." ती म्हणाली, "झाला तर झाला. लाथ मला बसंल."

खरी अडचण चंद्रीची नव्हतीच, आईची होती. आई उघड कधी नाही म्हणायची नाही. बोलणं निघालं की ती पाटा धुवायला घ्यायची, आणि पाटा धुता धुता म्हणायची, "तुम्ही दोघं या की जाऊन. मला पाळन्यात बसून काय करायचंय?" दिवाळी उलटली, कांद्याची लागण उरकली, जायचा मंगळवार आठवड्यावर आला तशी तिची कारणं रोज एक नवी. आज चंद्री चारा कमी खाती. उद्या पाव्हणे यायचेत. परवा तिच्या पोटात मुरडा. तात्या वैतागून मला म्हणाले, "तिला न्यायची म्हंजी चंद्रीलाच गाडीत घालावी लागंल." मला हसू आलं आणि धसकाही बसला. मला ते पाळणे बघायचे होतेच, पण त्याहून जास्त एक दिवस बघायचा होता, ज्या दिवशी आई धारेला बसलेली नाही. ती राहिली असती तर उरलेल्या दोघांना तो पाळणा गव्हाणीसारखाच लागला असता.

शनिवारी आत्यानं पंचांग खुंटीवरून काढलं, चष्मा नाकावर घेतला, बराच वेळ पानं चाळली आणि जाहीर केलं, "मंगळवारी उगवतीला जायचं न्हाई. दिशाशूळ हाय."

मी कपाळावर हात मारला. "आत्या, तिकिटं काढलीत!"

"मग जावा की. जाऊ नका कोन म्हनतंय? पर्स्थान ठेवा आन् जावा."

प्रस्थान म्हणजे काय हे आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगावं लागतं, तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. जायचा दिवस वाईट असला तर चांगल्या दिवशी आपलं एखादं वस्त्र, सुपारी, तांदळाचे चार दाणे असं पिशवीत घालून जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही त्याच दिवशी निघालात, असा हिशेब. मागून अंग कधीही निघालं तरी चालतं. एकच अट, ती पिशवी प्रवास झाल्याबिगर घरात परत आणायची नाही. रविवारी सकाळी आत्यानं पिशवी भरली. तात्यांचा गमछा घालावा असं मी सुचवलं, तर म्हणाली, "त्याचा कशाला? तो जानारच हाय." आणि आईच्या ट्रंकेतून डाळिंबी रंगाचं, फक्त लग्नाकार्यात निघणारं लुगडं काढून घडीसकट पिशवीत घातलं. आई म्हणाली, "वन्सं, ते कशाला? दुसरं घ्या की." आत्या म्हणाली, "देवाला कळायला नको व्हय, कोन निघालंय ते?"

इथं माझी अक्कल मध्ये आली. तिकिटं तात्यांकडं होती आणि तात्या रोज संध्याकाळी ती पारावर नेऊन दाखवायचे. एकावर चहाच्या कपाचा गोल उठला होता, दुसऱ्याची घडी फाटायला आली होती. मी विचार केला, पिशवी शेजारच्या कोंडाकाकूंकडं जाणार, मंगळवारी आपण निघताना घेणार, तोवर तिला कुणी हात लावणार नाही. यापेक्षा सुरक्षित जागा नाही. तात्यांच्या सदऱ्यातून तिकिटं काढली, लुगड्याच्या दुसऱ्या घडीत सारली आणि संध्याकाळी फक्त तात्यांना सांगितलं, "तिकिटं मी नीट ठेवलीत." कुठं ते नाही सांगितलं. शिकलेल्या माणसाची हीच खोड, नीट ठेवतो आणि सांगत नाही.

मंगळवारी पहाटे चरवीचा आवाज नेहमीपेक्षा लवकर आला आणि बराच वेळ चालला. आईला धार संपवायचीच नव्हती असं मला वाटत होतं. चुलीवर दशम्या शेकत होत्या, दुधात मळलेल्या, दोन दिवस मऊ राहणाऱ्या. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, आणि आईला येष्टी लागते म्हणून सहा लिंबं. तात्यांनी घातलेल्या नव्या सदऱ्याची घडी इतकी कडक होती की ते चालताना वाजत होते. आई निघताना चंद्रीच्या कानात काहीतरी बोलली. काय, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

कोंडाकाकूंचं घर आळीच्या उगवतीच्या टोकाला. त्यांची सून भांडी घासत होती. आम्हाला बघून म्हणाली, "पिशवी ना? सासूबाई घेऊन गेल्या की सकाळच्या येष्टीनं."

"कुठं?" मी.

"शिरूरला. माझ्या वन्संकडं जायचंच हुतं त्यांना. म्हनल्या, पर्स्थान पुढं पुढं गेल्यालं बरं, आन् ह्यांना तरी वझं कशाला? ष्टँडावर देते म्हनल्या."

तात्या खूश झाले. "कोंडाबाई मोठी समजूतदार बाई." शिरूरपर्यंत येष्टीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि एकही झाड मला आठवत नाही. आई मध्ये बसून लिंबू हुंगत होती. पाबळ आलं तेव्हा तिनं माहेराकडं मान वळवली आणि म्हणाली, "इथंच उतरते मी. चार दिस दादाकडं राहीन. तुम्ही या जाऊन." तात्या म्हणाले, "दादाकडं कोनता पाळना हाय?" मग ती पुन्हा लिंबू हुंगू लागली.

शिरूरच्या स्टँडवर कोंडाकाकू बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मोकळ्या हातांनी.

"काकू, पिशवी?"

"ती व्हय?" त्यांनी फार मोठं काम केल्यासारखं हसून सांगितलं, "मघाची दौंड गाडी लागली हुती. कंडक्टर आमच्या जावयाच्या गावचा. दिली त्याच्या मांडीवर. सांगितलं, केंदूरची मानसं मागून येत्यात. भुईला टेकवू नको, पर्स्थान हाय."

मग मला बोलावं लागलं. "तात्या, तिकिटं त्या पिशवीत आहेत."

तात्यांचा सदरा वाजायचा थांबला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आकाशाकडं, मग स्टँडच्या पाटीकडं. "बी. एस्सी.," ते म्हणाले. एवढंच. आजवर मला त्यांनी दिलेली ती सगळ्यात मोठी शिवी.

त्यात आमचीच केंदूरची येष्टी परतीला लागलेली, घरघर करत. कंडक्टर ओळखीचा, दारातून ओरडला, "तात्या, येताय का माघारी? जागा हाय!" तात्यांनी आईकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की ते हरलेत. दौंडला पिशवी पोचेल की नाही, कंडक्टर भेटेल की नाही, गाडीला किती वेळ उरलाय. आणि आईला तर आठवडाभरात मिळालं नव्हतं असं कारण आयतं समोर घरघरत उभं होतं. आता बस दोन पावलांवर आणि चंद्रीची संध्याकाळची धार हातात. मी मनातल्या मनात बाग सोडून दिली. स्टँडवर रडायचं नाही, एवढंच ठरवलं.

आईनं पदर खोचला. "माघारी कशा येऊ?" ती त्या कंडक्टरला म्हणाली. "माझं लुगडं दौंडाला गेलंय!"

"दुसरं घ्या की वैनी!"

"दुसरं घ्या काय! पर्स्थान हाय ते. ते तिकडं आन् मी हिकडं, असं चालतंय व्हय?" आणि आमच्याकडं वळून, "उभं काय ऱ्हायलात? दौंडाची गाडी कुठं लागती ते इचारा."

कोंडाकाकूंनी मान डोलावली, जणू हे सगळं त्यांनीच घडवून आणलं होतं. एका परीनं आणलंच होतं म्हणा.

दौंडच्या येष्टीत आई पुढच्या सीटवर बसली, लिंबू विसरून. न्हावऱ्यापर्यंत ठीक गेलो. पुढं उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक, आणि त्यांच्या मागं आमची गाडी मुंगीच्या पायानं. आई दर फर्लांगाला ड्रायव्हरला विचारत होती, "बाबा, म्होरं काढता येत न्हाई का?" तो म्हणाला, "मावशी, चालवताय का तुम्ही?" ती म्हणाली, "आलं असतं तर कवाच चालवली असती." केडगावला रेल्वेचं फाटक पडलेलं. समोरून मालगाडी निघाली, संपेना. तात्यांनी घाबरून विचारलं, "आपली तर न्हाई ना?" मी म्हटलं, "तात्या, कोळसा आहे त्यात." आई डबे मोजत होती. बावन्नपर्यंत आली आणि म्हणाली, "एवढ्या लांब गाडीला तीन मानसं जड हुत्यात व्हय? थांबंल आपली." तर्क कच्चा होता, पण त्या दिवशी मी तर्काबद्दल बोलायच्या लायकीची नव्हते.

दौंडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तो कंडक्टर कॅन्टीनच्या दारात एका हातानं चहा पीत उभा, दुसऱ्या हातात आमची पिशवी, खांद्याच्या उंचीवर धरलेली.

"केंदूरचं पर्स्थान का?" त्यानंच हाक मारली. "या. हात मोडला माझा. खाली टेकवलं तर नरकात जाशील, असा दम दिलाय त्या मावशीनं. माझी पुढची गाडी लागायची वेळ झाली, चहा सुदिक असा प्यायलोय."

आईनं पिशवी घेतली आणि तिथंच कॅन्टीनच्या दारात घडी उलगडली. तिकिटं होती. चहाच्या गोलासकट. तात्यांनी त्या माणसाला सगळ्या दशम्या देऊन टाकायला काढल्या. त्यानं दोन घेतल्या आणि एक उभ्या उभ्या खाल्ली.

स्टेशनात गाडी आमच्या आधी येऊन उभी होती, तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे ऐसपैस. डबा शोधत आम्ही फलाटभर पळालो, आई सगळ्यांत पुढं, पिशवी छातीशी. पायरीला हात लावून तो तिनं कपाळाला लावला आणि अशी वर चढली की मागं वळून तात्यांनाच हात दिला. गाडी हलली तेव्हा दिवेलागण होत होती. आई खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, आणि तिची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. चंद्रीच्या धारेची वेळ. दौंड मागं पडलं असेल-नसेल, बोटं थांबली. "काढली असंल वन्संनी," ती म्हणाली आणि खिडकीच्या गजावर डोकं टेकून पाच मिनिटांत झोपली. दिवेलागणीला, बसल्या जागी झोपलेली आई मी त्याआधी बघितली नव्हती.

बागेचं काय, असं लोक विचारतात. बाग चांगली होती. तात्या उलट्या पाळण्यातून उतरून अर्धा तास एका कुंडीला धरून उभे होते. आई डाळिंबी लुगडं नेसून गोल फिरणाऱ्या घोड्यावर चार वेळा बसली, आणि पाचव्या वेळी तिथल्या माणसानं तिला न विचारताच दार उघडून दिलं. ते सगळं माझ्याकडं फोटोत आहे. त्या आधीचा दिवस फोटोत नाही, म्हणून इथं लिहिला.

परत आलो तर आत्या आईच्या हिरव्या लुगड्यात, गुडघ्याला हळद बांधून लंगडत होती. पहिले दोन दिवस लाथा, तिसऱ्या दिवशी पान्हा. सिद्धांत अर्धा खरा निघाला. त्या संध्याकाळी आत्या शेतावर गेली असताना मी खुंटीवरचं पंचांग पहिल्यांदा उतरवलं. शुळाचं कोष्टक शेवटच्या पानावर होतं, कोणत्या वारी कोणत्या दिशेला जायचं नाही ते. पूर्वेला सोमवार आणि शनिवार. मंगळवारी उत्तर. पूर्वेला मंगळवारी काहीही नव्हतं. गुरुवारी जा, मंगळवारी जा, खुशाल जा. आत्या परत आल्यावर मी पान तिच्यापुढं धरलं.

तिनं चष्माही लावला नाही. "तू शिकल्याली," ती म्हणाली. "तूच बघायचं हुतंस की आधी." मग गुडघा चोळत, आवाज उतरवून, "सुमनला सांगू नको."

मी आईला नाही सांगितलं. आत्याही गेली, चंद्रीही गेली, मी शिरूरच्या शाळेत मास्तरीण होऊन पन्नाशीला टेकले आणि आई आता माझ्याजवळ असते. परवा तिच्या मोतीबिंदूचं ठरलं, पुण्याला, बुधवारी. आठवडाभर तिचं तेच. "मला आता बघून काय करायचंय? तुला शाळा हाय. थंडी जाऊ दे." ती पाटा धुवायची तसा आता पाण्याचा फिल्टर पुसत बसते. सोमवारी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढं उभी राहिले, चष्मा नाकावर घेतला, बराच वेळ पान बघितलं आणि म्हटलं, "आई, बुधवारी मावळतीला जायचं नाही. शूळ आहे. तुझं एक लुगडं दे, समोरच्या बाईंकडं प्रस्थान ठेवते."

आईनं फिल्टर पुसणं थांबवलं. माझ्याकडं धूसर डोळ्यांनी बघत राहिली. मग उठली, भिंत धरत कपाटाशी गेली, हातानं चाचपून एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ठेव," ती म्हणाली. "दवाखान्याचे कागद तेवढे त्यात घालू नको."